सेवेची दलाली न्याय्य आहे काय?

बैलबाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरवितो आणि सौदा जमला म्हणजे आपली दलाली घेतो. त्यांत कोणास कांहीं वावगें दिसत नाहीं. बैल मारका आहे हें ठाऊक असून त्यानें तें लपविलें, तरच गांव त्यास नांवें ठेवितो. परंतु ज्या व्यवहारांत जनावर नसून एका मनुष्यानें दुसऱ्या मनुष्याची करावयाची सेवा हीच देवघेवीची वस्तु आहे, त्या व्यवहारांत मध्यें उभें राहून पैसा घेणें न्याय्य आहे काय? न्याय्य असल्यास तें कोणत्या अटींवर? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों. त्यासाठीं आम्हीं घेतलेलें उदाहरण अमेरिकेंतील आहे. तें प्रथम परकें वाटेल. पण थोडा धीर धरल्यास तें आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतें असें दिसून येईल.

अमेरिकेंत ‘नर्सिंग होम’ ह्या शब्दाचा अर्थ आपल्याकडच्याहून निराळा आहे. आपल्या तालुक्याच्या गांवीं नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरांचा खासगी दवाखाना. तिकडे मात्र तें वृद्ध, पंगु व स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांचें राहण्याचें घर असतें. तेथें गेलेला मनुष्य पुष्कळदां महिनोगणती, कित्येकदां मरेपर्यंत राहतो. त्यास उठविणें, न्हाऊं घालणें, भरविणें, कूस पालटविणें, वेळेवर औषध देणें, हीं कामें परिचारिका व त्यांच्या हाताखालील मदतनीस करितात. १९८७ च्या कायद्यान्वयें मदतनिसास निदान ७५ तासांचें शिक्षण घ्यावें लागतें. काम कंबर मोडणारें आणि पगार बेताचा, म्हणून माणसें टिकत नाहींत व जागा रिकाम्या पडतात. ह्या जागा भरण्यासाठीं फिरत्या परिचारिका पुरविणाऱ्या एजन्सी निघाल्या आहेत. एजन्सींत बसून जो मनुष्य अशा परिचारिका शोधतो व त्यांस ठिकठिकाणीं लावून देतो, त्यास तिकडे रिक्रूटर म्हणतात. आपण त्यास मध्यस्थ म्हणूं.

त्याचें काम असें चालतें. एखाद्या घराकडून मागणी येते कीं, रात्रपाळीस एक परिचारिका हवी, मुदत तेरा आठवडे. मध्यस्थ आपल्या यादींतील लोकांस फोन करूं लागतो. कोणी तयार झाली म्हणजे त्या राज्यांत चालेल असा परवाना तिच्यापाशीं आहे काय, क्षयाची तपासणी व लसी झाल्या आहेत काय, पूर्वीच्या ठिकाणच्या वरिष्ठांचें तिच्याविषयीं मत काय, हें सर्व तो पाहतो. पुष्कळ राज्यांनीं आपसांत करार केला असल्यामुळें एका राज्यानें दिलेला परवाना त्या सर्वांत चालतो, आणि त्यामुळें हें फिरणें सोपें झालें आहे. घर एजन्सीस दर तासाचा ठराविक आकार देतें. त्यांतून परिचारिकेचें वेतन, राहण्याजेवण्याचा भत्ता, विमा व कर वजा जातां जें उरतें तें एजन्सीचें, आणि त्यांतील कांहीं हिस्सा मध्यस्थाचा. म्हणजे परिचारिकेच्या पदरांत जो जादा पैसा पडावा, तो बहुधा मध्यस्थाच्या बाजूनेंच कमी व्हावयाचा. शिवाय भत्त्यावर कर लागत नाहीं, पण तें केव्हां? तिचें कायमचें घर दुसरीकडे असून त्याचा खर्च ती खरोखर सोशीत असेल तेव्हांच. ही अट न सांगतां केवळ आठवड्याची मोठी रक्कम तिच्या कानावर घातली, तर ती भुलते आणि वर्षअखेरीस कर भरतांना रडते. ह्या धंद्यांत मोहाचें पहिलें बीज असें हिशेबांतच पेरलेलें असतें.

तर मग ही दलाली मुळांतच अन्यायाची म्हणावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९४४ सालीं फिलाडेल्फिया येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें श्रम हा बाजारांतील माल नव्हे असें जाहीर केलें, आणि तें तत्त्व खरें आहे. परंतु शोधण्याचे श्रम हेही श्रमच आहेत. शेंकडों मैलांवरचें घर आणि काम करूं इच्छिणारी परिचारिका ह्यांस एकमेकांचा पत्ता नसतो. त्यांची गांठ घालून देणें, कागदपत्रें तपासणें, ती परक्या गांवीं अडचणींत पडल्यास रात्रीं अपरात्रीं तिचा फोन घेणें, ह्याचा मोबदला घेणाऱ्यास चोर म्हणतां येणार नाहीं. आपल्याकडील ऊंसतोडीच्या मुकादमावर लोक रागावतात, तें त्यानें टोळी जमविली म्हणून नव्हे. उचल देतांना एक सांगितलें आणि फडांत नेल्यावर दुसरें केलें, म्हणून. तेव्हां दोष मध्यें उभें राहण्यांत नाहीं. मध्यें उभा राहून मनुष्य काय सांगतो व काय गिळून टाकितो, ह्यावर त्याचा न्याय व्हावयाचा.

आतां असा प्रसंग मनांत आणा. महिनाअखेर आहे. मध्यस्थास ठरलेल्या संख्येंत एक नेमणूक कमी पडत आहे. एका लहान गांवच्या घराकडून रात्रपाळीची मागणी आली आहे. ह्याच घरीं त्यानें पूर्वीं दोघी पाठविल्या होत्या, आणि दोघीही मुदत संपण्यापूर्वींच निघून आल्या. कारण असें कीं, कागदावर पंचवीस माणसें लिहिलीं असतां रात्रीं प्रत्यक्षांत चाळीस एकटीच्या वांट्यास येत. आज तो तिसरीस फोन करितो. तिला पैशांची गरज आहे. मुलें आईपाशीं ठेवून ती जाणार आहे. ती विचारते, “रात्रीं माझ्याकडे किती माणसें असतील?” मध्यस्थ उत्तर देतो, “घरानें पंचवीस सांगितलीं आहेत.”

ह्या वाक्यांत एक अक्षरही खोटें नाहीं. घरानें पंचवीसच सांगितलीं आहेत. तरीही हें असत्य आहे, आणि तें फार वाईट जातीचें असत्य आहे. कारण बोलणारा स्वतःस प्रामाणिक समजून झोंपीं जाऊं शकतो.

परंतु मध्यस्थाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. तो म्हणेल, “मीं चाळीस सांगितलीं असतीं तर ती गेली नसती. मग त्या रात्रीं त्या चाळीस म्हाताऱ्यांस पाहण्यास कोण असतें? कोणीच नाहीं. अपुरी परिचारिका ही मुळींच नसलेल्या परिचारिकेपेक्षां बरी नव्हे काय?” ही पळवाट म्हणून झटकून टाकण्याजोगी गोष्ट नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत हें प्रत्यक्ष दिसून आलें. त्या वर्षीं कित्येक घरांतील कामकरी आजारी पडले वा भयानें गेले, आणि फिरत्या परिचारिका आल्या नसत्या तर म्हाताऱ्या लोकांस पाणी देण्यासही हात उरला नसता. उलट हेंही तेव्हांच दिसलें कीं, माणसें फिरविण्यांत धोका आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत सिअॅटलजवळील कर्कलंड गांवच्या एका शुश्रूषागृहांत सांथ शिरली. एकाहून अधिक घरांत काम करणारे कामकरी हें ती तेथून इतर घरांत पसरण्याचें एक कारण सरकारी तपासणींत आढळलें. तेव्हां परिचारिका पाठविणें हें नेहमींच पुण्य नव्हे, आणि न पाठविणें हेंही नेहमींच पुण्य नव्हे.

मग त्या फोनवर काय बोलावें? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं त्या संभाषणांत नसलेल्या एका मनुष्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. ह्या सौद्यांत घर बोलतें, कारण पैसा त्याचा. परिचारिका बोलते, कारण श्रम तिचे. मध्यस्थ बोलतो, कारण हिस्सा त्याचा. पण ज्याच्यासाठीं हें सर्व चाललें आहे, तो बिछान्यावरील वृद्ध मात्र कोणाच्याच फोनवर नसतो. समजा, ती एक ऐंशीं वर्षांची बाई आहे आणि तिला आपलें नांव सांगतां येत नाहीं. नवी परिचारिका औषधांच्या नोंदींतील फोटो पाहून तिला ओळखणार. पंचवीस माणसें असलीं तर फोटो व चेहरा दोनदां ताडून पाहण्यास वेळ मिळेल. चाळीस असलीं तर तो मिळेलच असें नाहीं, आणि एकीची गोळी दुसरीच्या तोंडांत जाईल. शिवाय स्मृति गेलेल्या मनुष्यास ओळखीचा चेहरा हाच कायतो आधार असतो. ह्या बाईला दिवा मालवला कीं भय वाटतें, ती डाव्या कुशीवर निजत नाहीं, भरवितांना घाई केली तर तिला ठसका लागतो, हें जुन्या मदतनिसास ठाऊक असतें. तेरा आठवड्यांच्या पाहुणीस तें कळेपर्यंत तिची निघण्याची वेळ झालेली असते.

आमचें म्हणणें असें कीं, ह्या तिसऱ्या मनुष्याची बाजू धरील तोच मध्यस्थ प्रामाणिक. आणि त्याच्या नजरेनें पाहिलें म्हणजे फोनवर काय बोलावें हेंही सुचतें. तेथें चाळीस सांगावीं. घराचा आंकडा आणि पूर्वीच्या दोघींचा अनुभव, दोन्ही सांगावीं. ऐकणारी नाहीं म्हणाली, तर घरास कळवावें कीं, अमुक कारणामुळें तुमच्याकडे कोणी येण्यास तयार नाहीं. रात्रीं आणखी एक मदतनीस द्याल तर मी प्रयत्न करीन. असें केल्यानें तिचा नकार वायां जात नाहीं. तो घराच्या कारभाऱ्यास दिलेला निरोप होतो. खोटें सांगून एकामागून एक परिचारिका पाठवीत राहिल्यास कारभाऱ्यास आपलें घर सुधारण्याचें कारणच उरत नाहीं. महिना निघतो, रकाना भरतो, आणि बिछान्यावरील बाई दर पांच आठवड्यांनीं नवा चेहरा पाहते. ‘कोणी नसण्यापेक्षां अपुरी बरी’ हा युक्तिवाद एका रात्रीपुरता खरा असेल. तोच वर्षभर चालविला म्हणजे अपुरेपणास आपण कायमचें घर बांधून देतों. आणि सर्व ऐकून जी ‘येतें’ म्हणेल, ती कंबर कसून येईल व बहुधा टिकेल. सत्यानें एक नेमणूक बुडेल. परंतु जी होईल ती उभी राहील.

कोणी म्हणेल, माणसें किती असावीं हें सरकारनें ठरवावें. मध्यस्थाच्या मनावर कां सोडावें? सरकारनेंही प्रयत्न केला. २०२४ च्या मे महिन्यांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें असा नियम केला कीं, दर रहिवाशामागें दिवसाकाठीं निदान ३.४८ तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे. घरांचे मालक म्हणाले, इतकीं माणसें आणावयाचीं कोठून? २०२५ च्या एप्रिलांत टेक्सासमधील एका न्यायालयानें तो नियम रद्द केला, आणि त्याच वर्षीं जुलैंत तेथील काँग्रेसनें त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत पुढें ढकलली. कायदा असा येतो व जातो. तो नसेल तेथें फोन हातांत धरणाऱ्याचें मन हेंच त्या बाईचें शेवटचें कुंपण होय.

दुसरा एक प्रश्न वेतनाचा. बारा वर्षें एकाच घरीं राबणारी परिचारिका पाहते कीं, काल आलेली पाहुणी आपल्याहून पुष्कळ अधिक घेऊन जाते, आणि औषधांचें कपाट कोठें आहे हें तिला आपणच दाखवावयाचें. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांतील सकाळपासून उन्हांत राबलेल्या मजुरांची कुरकुर आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ही तीच कुरकुर. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. तथापि पाहुणीनें कोणाचें लुटलें असेंही नाहीं. ती घरदार सोडून येते, तिचा करार मध्येंच तुटूं शकतो, आणि दोन करारांच्या मधल्या दिवसांचें वेतन तिला कोणी देत नाहीं. दोष असेल तर तो मुख्यतः त्या कारभाऱ्याचा, जो आपल्या माणसास वर्षानुवर्षें चार पैसे वाढवून देत नाहीं आणि तें कंटाळून गेलें म्हणजे परक्यास दुप्पट मोजतो. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. अशा घरांतील पुष्कळ रहिवाशांचा खर्च मेडिकेड नांवाच्या, १९६५ सालीं सुरू झालेल्या, गरिबांसाठींच्या सरकारी निधींतून चालतो. म्हणजे पैसा अखेर जनतेचा. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स व मिनेसोटा ह्या राज्यांनीं एजन्सींनीं शुश्रूषागृहांकडून घ्यावयाच्या दरांस कमाल मर्यादा घातल्या.

फिरविण्यानें परिचारिकांची संख्या वाढत नाहीं, हेंही मध्यस्थानें विसरूं नये. एका विहिरीचें पाणी उपसून दुसरींत ओतलें तर दुसरी भरते, पण गांवचें पाणी तेवढेंच राहतें. जेथें मोट चालवावयास पैसा आहे तेथें पाणी जातें, आणि आडरानांतलें गरीब घर कोरडें पडतें. ह्यास्तव जी परिचारिका आपल्या ठिकाणीं समाधानानें राहिली आहे, तिला केवळ आपली संख्या भरण्यासाठीं पुनःपुनः फोन करून अस्वस्थ करणें, हें आमच्या मतें मध्यस्थाच्या हक्कांत बसत नाहीं. जी स्वतः निघाली आहे तिला वाट दाखवावी. जी बसली आहे तिला उठवूं नये.

आतां हा प्रश्न आपल्या दारीं कसा येतो तें पाहूं. आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक मुली परिचारिकेचें शिक्षण घेऊन परदेशीं जातात. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यांत परिचारिकाही आल्या. त्याआधीं, २०१५ सालीं, आखातासह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारनें नेमलेल्या संस्थांमार्फत व्हावी असा नियम भारत सरकारनें केला. कारण खासगी दलाल मुलींकडून भरमसाट रकमा उकळीत असत. काम मिळवून देण्याबद्दल कामकऱ्याकडून पैसा घेऊं नये, हें तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९९७ च्या ठरावांत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१० सालीं परिचारिकांच्या परदेशीं भरतीसाठीं नीतिनियम घालून दिले.

फिलिपाईन्स देशांतून न्यू यॉर्कच्या शुश्रूषागृहांत आणलेल्या परिचारिकांच्या करारांत अशी अट होती कीं, मुदतीआधीं काम सोडल्यास २५,००० डॉलर भरावे. त्यांतील एकीनें दावा लाविला, आणि २०१९ सालीं तेथील न्यायालयानें ती अट बेकायदेशीर ठरविली. माणसास दंडाच्या भयानें कामास जखडून ठेवितां येत नाहीं, हा त्या निकालाचा आशय. ती बाई दूर देशांत एकटी असतांही उभी राहिली. आपल्या मुलीवर ती पाळी येऊंच नये म्हणून सही करण्यापूर्वींच बापानें विचारावें: दलालास पैसा कोण देणार? काम रुग्णालयांत कीं वृद्धांच्या घरांत? रात्रीं एकटीकडे माणसें किती? भाषा शिकण्याचा खर्च कोणाचा? मध्येंच परत यावेंसें वाटलें तर काय भरावें लागेल? आणि हीं उत्तरें तिला वाचतां येईल अशा भाषेंत लिहून घ्यावीं.

शेवटीं एक शब्द आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंस. तुम्ही एजन्सी चालवीत नाहीं, हें खरें. पण गांवांत मुलीचें शिफारसपत्र कोण लिहितो? “ठिकाण चांगलें आहे, पाठवा,” असें तिच्या आईला कोण सांगतो? तिचे आईबाप दलालावर विश्वास ठेवितात तो पुष्कळदां तुमच्या शब्दावरून. म्हणजे तुम्हीही मध्यस्थच आहां, दलाली न घेणारे. जें ठिकाण आपण पाहिलें नाहीं, त्यास चांगलें म्हणूं नये. जी मुलगी रात्रीं जागण्याच्या कामास कंटाळते हें ठाऊक आहे, तिला कष्टाळू म्हणून लिहूं नये. कारण त्या पत्राच्या दुसऱ्या टोंकाला कोणत्यातरी परक्या देशांत एक म्हातारा पाण्याच्या घोटासाठीं घंटा वाजवीत असेल, आणि त्यानें तुमचें पत्र वाचलेलें नसेल.

तो आपणांस कधीं भेटणार नाहीं, आपला आभार मानणार नाहीं, आपल्याविरुद्ध तक्रारही करणार नाहीं. म्हणूनच त्याचा हिशेब आपण होऊन ठेविला पाहिजे. सेवेची दलाली न्याय्य आहे काय, असें आम्हीं आरंभीं विचारलें. जो मध्यस्थ त्या म्हाताऱ्यास सौद्यांतील एक पक्ष समजतो, आणि त्याच्यासाठीं प्रसंगीं आपला हिस्सा सोडून “तेथें जाऊं नका” असें म्हणूं शकतो, त्याची दलाली न्याय्य आहे. ज्याच्या तोंडून हे शब्द कधींच निघाले नाहींत, त्यानें आपली वही एकदां पुनः चाळून पाहावी.